राउटर वारंवार रीसेट करावा लागत असल्यास आधी काय तपासावे

घरातील इंटरनेट बंद पडले की राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसायची, सगळे दिवे विझून पुन्हा लागेपर्यंत थांबायचे आणि ‘झाले सुरू’ म्हणून कामाला लागायचे, ही सवय विदर्भातील खेड्यांत आता घरोघरी दिसते. ई-पीक पाहणीची किंवा पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली असेल, तर टाचणी दिवसातून अनेकदा निघते. वर्षाकाठी एखाद्या वेळी असे करावे लागले तर त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या घरी दर आठवड्याला ही वेळ येते, त्या घरचा बिघाड राउटरच्या सेटिंगमध्ये क्वचितच असतो. तो विजेच्या पुरवठ्यात, फायबरच्या एखाद्या जोडात, उष्णतेत किंवा सेवा देणाऱ्याच्या टोकाला असतो, आणि छिद्रातील बटण दाबल्याने त्यांपैकी काहीही दुरुस्त होत नाही. शिवाय बिघाड ओळखण्यासाठी दिव्यांनी दिलेली खूण त्या दाबण्यासरशी पुसली जाते, त्यामुळे नंतर आलेल्या माणसालाही नेमके काय झाले होते ते कळत नाही.

बटण बंद करून पुन्हा चालू करणे आणि छिद्रातील बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणे या सर्वस्वी वेगळ्या क्रिया आहेत. पहिल्या क्रियेत राउटरची तात्पुरती स्मृती रिकामी होते, पण भरलेली माहिती जागेवर राहते. दुसऱ्या क्रियेत राउटर कारखान्यातून निघाला त्या अवस्थेत जातो, म्हणजे सेवा देणाऱ्याने भरलेले युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅनचा (सेवा देणाऱ्याने आपल्या जोडणीसाठी ठरवलेल्या वेगळ्या मार्गाचा) क्रमांक, आपण ठेवलेले वायफायचे नाव, सगळे पुसले जाते. काही सेवांमध्ये ही माहिती मुख्य केंद्रातून आपोआप परत भरली जाते, त्यामुळे लोकांना रीसेट निरुपद्रवी वाटतो. मात्र गावातील जोडणी स्थानिक केबलवाल्याकडून घेतलेली असेल, तर ती माहिती हातानेच भरावी लागते, आणि त्यासाठी तालुक्याच्या गावाहून माणूस येईपर्यंत सकाळी रडतखडत चालणारे इंटरनेट पूर्णच बंद राहते. म्हणून नियम असा ठेवावा की काहीही करायचे झाल्यास आधी केवळ वीज बंद करावी, एक-दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा चालू करावे. टाचणीला हात लावू नये.

बंद-चालू केल्याने इंटरनेट खरोखरच सुरू होते, मग बिघाड राउटरचाच नाही का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्या दोन मिनिटांत बऱ्याच गोष्टी एकदम घडतात. तापलेला राउटर थोडा निवतो, सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत अडकलेली जुनी जोडणी तुटून नवी तयार होते, वायफाय पुन्हा एकदा मोकळा चॅनेल शोधते. आणि अनेकदा तर तेवढ्या वेळात बाहेरची लाइनच परत आलेली असते, श्रेय मात्र टाचणीला मिळते. ही तात्पुरती सुधारणा किती वेळ टिकते, ते पाहावे. दहा मिनिटांत पुन्हा तेच झाले तर कारण वेगळे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला झाले तर वेगळे.

दिवे काय सांगतात

फायबरच्या जोडणीत राउटरवर किंवा त्याच्या शेजारच्या ओएनयूवर (फायबरमधील प्रकाशाचे इंटरनेटच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या डब्यावर) चार दिवे महत्त्वाचे असतात, आणि बंद-चालू करण्यापूर्वी त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणे ही या सबंध तपासणीतील सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. पॉवरचा दिवाच विझला असेल किंवा मधूनमधून विझून पेटत असेल, तर विजेकडे पाहावे. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि अशा वेळी राउटरवर करण्यासारखे काहीही नसते. पॉनचा, म्हणजे फायबरवरील नोंदणी दाखवणारा, दिवा स्थिर हिरवा असावा. तो सतत लुकलुकत असेल, तर प्रकाश येतो आहे पण पलीकडच्या यंत्राशी नोंदणी पूर्ण होत नाही. पॉन स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा मात्र बंद किंवा लाल आहे, तर लाइन चांगली असून लॉगिनमध्ये अडचण आहे. चारही दिवे जसे असायला हवेत तसेच असतील आणि तरीही मोबाइलवर काही उघडत नसेल, तर वायफाय किंवा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) यांपैकी एकावर संशय घ्यावा.

फोटोसोबत वेळही नोंदवावी. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनात ‘दुपारी २, लाल’ एवढे लिहिले तरी पुरते. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी एकत्र पाहिल्या की कारण बहुधा स्वतःहून समोर येते: केवळ दुपारी बंद पडत असेल तर उष्णता, लाइट गेल्या-आल्यावर बंद पडत असेल तर अडॅप्टर किंवा इन्व्हर्टर, पावसात किंवा वाऱ्यात बंद पडत असेल तर बाहेरची केबल. रोज रात्री आठ ते दहा या वेळेत केवळ वेग कमी होत असेल, तर तो सामायिक लाइनवरील गर्दीचा परिणाम आहे, आणि त्यावर घरात कोणताही उपाय नाही.

वीज आणि अडॅप्टर

ग्रामीण भागात पहिला संशय विजेवर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातील लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यांत हा मुद्दा बहुतेक वेळा शेवटी येतो, आणि आपल्याकडे तो पहिला असायला हवा. राउटरसोबत येणारा काळा अडॅप्टर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टपर्यंतची वीज घेऊन राउटरला १२ व्होल्ट देतो, त्यामुळे नुसता दाब कमी असल्याने तो सहसा बंद पडत नाही. त्याला मारतात ते झटके. डीपीवरील फ्यूज उडून परत बसवला जातो, मोटारपंप एकदम सुरू होतात, लाइट एका मिनिटात तीनदा जाते-येते. अशा प्रत्येक वेळी अडॅप्टरमधील कपॅसिटर थोडे थोडे खचत जातात. असा खचलेला अडॅप्टर पूर्ण मरत नाही, हीच अडचण आहे. मल्टिमीटर लावून मोकळे टोक तपासले तर तो व्यवस्थित १२ व्होल्ट दाखवतो. राउटरला जोडल्यावर, आणि विशेषतः घरातील चार-पाच मोबाइल एकाच वेळी वायफायवर व्हिडिओ पाहू लागल्यावर, तोच दाब खाली येतो आणि राउटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू होतो. पाहणाऱ्याला वाटते की नेट गेले. प्रत्यक्षात पॉवरचा दिवा क्षणभर विझलेला असतो, फक्त त्या क्षणी कोणाचे लक्ष तिकडे नसते.

यासाठी मल्टिमीटर नसला तरी चालते. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा दुसरा अडॅप्टर शेजाऱ्याकडून दोन दिवसांसाठी आणून लावून पाहावा. येथे दोन गोष्टी तपासल्याशिवाय प्लग खुपसू नये. व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच हवा, ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावू नये. आणि अँपिअरचा आकडा मूळ अडॅप्टरपेक्षा कमी नको. सेटटॉप बॉक्सचा जुना अडॅप्टर पिन बसते म्हणून राउटरला लावल्याची उदाहरणे जागोजागी सापडतात, आणि त्यावर अर्धा अँपिअर लिहिलेले असते, तर राउटरला एक किंवा दीड अँपिअर लागतो. असा राउटर रात्री शांत चालतो आणि माणसे घरी आली की बंद पडू लागतो.

घरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या मागील यूपीएस आणि नॉर्मल अशा खटक्याकडे पाहावे. नॉर्मलवर असताना लाइट गेल्यावर बॅटरीवर येण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पंखा-दिव्याला तो जाणवत नाही, परंतु राउटर तेवढ्यात बंद होतो. यूपीएसवर ठेवल्यास हा बदल जलद होतो. मात्र त्या स्थितीत इन्व्हर्टर कमी दाबाची वीज स्वीकारत नाही आणि वारंवार बॅटरीवर जातो, त्यामुळे ज्या गावात संध्याकाळी दाब फारच उतरतो तेथे बॅटरी लवकर थकते. अशा घरांसाठी राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस अधिक सोयीचा ठरतो. तो अडॅप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसतो, राउटरला थेट बॅटरीतून वीज देतो आणि लाइट गेल्या-आल्याचे राउटरला कळतच नाही. ओएनयू आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत, कारण एक चालू आणि एक बंद राहिल्याने काहीच साधत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट आपल्याकडे खास घडते. कूलर आणि राउटर एकाच बोर्डावर असतात. कूलरची मोटार सुरू होताना जो झटका बसतो तो त्याच बोर्डावरील अडॅप्टरला मिळतो, आणि कूलरच्या ओलसर हवेच्या झोतात ठेवलेल्या राउटरच्या पिनांवर महिनाभरात हिरवट थर चढतो. थंड हवा मिळावी म्हणून राउटर मुद्दाम कूलरसमोर ठेवणारेही आहेत, त्यांनी तो तेथून हलवावा.

उष्णतेचे मात्र ऐकायला हवे. घरगुती राउटर सहसा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ अंशांपुढे जातो, मग टिनाखालच्या खोलीत, आढ्याजवळच्या फळीवर, वर झाकायला रुमाल घातलेल्या राउटरची अवस्था काय होत असेल, याची कल्पना यावी. राउटर खाली आणावा, झाकण काढावे, उभा ठेवावा, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा. दुपारचे बंद पडणे एवढ्यानेच थांबल्यास नवा राउटर घेण्याची गरज नसते.

वीज कडाडू लागली की अडॅप्टर आणि लॅनची तांब्याची वायर दोन्ही काढून ठेवावीत. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरे, पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या केबलला आधारासाठी पोलादी तार असते, आणि ती तार टिनाला किंवा खिडकीच्या गजाला गुंडाळून घरात आत घेतलेली असल्यास केबलवाल्याला सांगून ती बाहेरच तोडून घ्यावी.

फायबरची केबल आणि जोड

एलओएसचा लाल दिवा किंवा पॉनचे लुकलुकणे वारंवार दिसत असेल, तर राउटर सोडून केबलच्या मागे लागावे. आपल्या गावांत ही केबल विजेच्या खांबावरून, कडुनिंबाच्या फांदीवरून आणि कोणाच्या तरी गोठ्याच्या टिनावरून घरी येते. सोयाबीनचे कुटार उंच भरलेली ट्रॉली गल्लीतून जाताना तिचा वरचा भाग केबलला ओढतो, केबल तुटत नाही, पण एखाद्या जोडावर ताण येतो आणि आतली काच चिरते. वांदरे तिच्यावरून झोके घेतात, उंदीर आणि खारी तिचे कातडे कुरतडतात. चिरलेली काच कोरड्या दिवशी कसाबसा प्रकाश सोडते आणि वारा सुटला किंवा पाणी आत गेले की सोडत नाही. ‘पावसात नेट जाते’ या तक्रारीचे कारण ढगांत नसून बहुतेक वेळा अशा जोडात असते.

प्रकाश किती येतो आहे, ते घरबसल्या पाहता येते. राउटरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्ता आणि लॉगिन दिलेले असते. तो पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकून आत गेल्यावर ऑप्टिकल, पॉन किंवा स्टेटस अशा नावाच्या पानावर आरएक्स पॉवर (घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) हा आकडा डीबीएम या एककात दिसतो आणि तो उणे असतो. उणे १५ ते उणे २४ पर्यंत असल्यास निश्चिंत राहावे. घरी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या जीपॉन (फायबर जोडणीचा प्रचलित प्रकार) उपकरणांची मर्यादा उणे २७ च्या आसपास असते, त्यामुळे उणे २६ दाखवणारी जोडणी आज चालत असली तरी ती काठावर उभी आहे असे समजावे. दर ३ डीबीने प्रकाश निम्मा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे उणे २१ वरून उणे २७ पर्यंत घसरलेल्या जोडणीत पूर्वीच्या चौथ्या हिश्शाएवढाच प्रकाश उरला आहे, हे लक्षात येईल. हा आकडा चांगल्या दिवशी एकदा लिहून ठेवावा, म्हणजे वाईट दिवशी तुलना करता येते.

घरातल्या घरात दोन गोष्टी पाहता येतात. पिवळी किंवा पांढरी बारीक पॅचकॉर्ड खिळ्याला करकचून गुंडाळलेली, दारात चेमटलेली किंवा कपाटामागे काटकोनात वाकलेली नसावी. तिचे वेटोळे तळहाताएवढे तरी मोकळे असावे. दुसरी गोष्ट तिच्या टोकाच्या रंगाची. हिरवे टोक हिरव्या खाचेत आणि निळे टोक निळ्या खाचेत बसले पाहिजे. हिरव्या टोकाची काच तिरकी घासलेली असते आणि निळ्याची सरळ, त्यामुळे दोन्ही एकमेकांत बसतात खरे, पण मध्ये फट राहून बराच प्रकाश वाया जातो. टोक काढून फुंकर मारणे, शर्टाला पुसणे हे प्रकार करू नयेत, आणि उघड्या टोकात डोळा घालून तर मुळीच पाहू नये, कारण आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. जोड नव्याने करणे, खांबावरील डब्यातील कपलर बदलणे ही कामे पॉवर मीटर असलेल्या माणसाचीच आहेत.

सबंध गावाचेच इंटरनेट गेले असेल, तर टाचणी शोधण्याआधी शेजारी विचारावे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत जे फायबर आले, ते अनेक ठिकाणी एका सरळ रेषेत एका गावाहून पुढच्या गावाला गेलेले होते. अशा रेषेत रस्त्याच्या कामात जेसीबीने मध्ये एकदा खोदले की पुढची सगळी गावे एकदम बंद पडतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात हीच रचना वर्तुळाकार करण्याची तरतूद आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने जोडणी टिकावी.

लॉगिन, डीएनएस आणि वायफाय

पॉन स्थिर असून इंटरनेटचा दिवा लागत नसेल, तर आधी रिचार्जची मुदत तपासावी. हे सांगताना संकोच वाटतो, परंतु विसरले जाते ते हेच. मुदत शिल्लक असल्यास राउटर बंद करून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा. लाइट झटक्यात गेल्यावर सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत आपली जुनी जोडणी काही काळ चालूच दिसते आणि तीच यंत्रणा नव्या लॉगिनला नकार देते. अशा वेळी दर अर्ध्या मिनिटाला बंद-चालू करत राहिल्याने प्रकरण लांबते.

व्हॉट्सॲपचे निरोप येतात पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे झाल्यास राउटरच्या पानावर डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे पत्ते भरून पाहावेत. चॅनेल बदलण्याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो दाटीच्या वस्तीत कामाचा आहे. चार घरांमागे एक राउटर असलेल्या गावात त्याने फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे अडथळा असतो तो दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीचा, लोखंडी कपाटाचा आणि टिनाचा. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर ठेवावा आणि ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे, कारण ते भिंतीतून अधिक लांब जाते.

मागच्या खोलीसाठी दुसरा राउटर जोडला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असेल, तर दोन्ही राउटरचा पत्ता एकच, म्हणजे १९२.१६८.१.१ आहे का ते पाहावे. दोघेही मोबाइलना पत्ते वाटू लागले की घरातील काही मोबाइल चालतात आणि काही चालत नाहीत. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पत्ते न वाटता केवळ वायफाय पसरवणारा म्हणून, लावावा, आणि तशी सोय त्यात नसल्यास त्याचा पत्ता बदलून त्यावरील डीएचसीपी (मोबाइलना पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे व मुख्य राउटरची वायर त्याच्या लॅनच्या खाचेत लावावी.

तक्रार आणि शेवटी रीसेट

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितले तर पलीकडूनही ‘रीसेट करून पाहा’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘भाऊ, सकाळपासून पॉनचा दिवा लुकलुकतो आहे, पॉवर बरोबर आहे, शेजारी चालू आहे, आरएक्स पॉवर परवा उणे २२ होती ती आज उणे २८ आहे, फोटो पाठवतो’ असे सांगावे. यानंतर माणूस पॉवर मीटर घेऊनच येतो, नुसता राउटर पाहायला येत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला क्रमांक देणे सेवा देणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि उत्तराने समाधान न झाल्यास त्याच क्रमांकाच्या आधारे त्या कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

छिद्रातील बटण दाबण्याची वेळ खरोखर येते ती मोजक्या प्रसंगी: राउटरच्या पानाचा पासवर्ड विसरला असेल, कोणीतरी सेटिंगमध्ये नको ते बदल केले असतील, किंवा दुसऱ्याने वापरलेला राउटर आपल्याकडे आला असेल. त्यापूर्वी पीपीपीओई (सेवा देणाऱ्याकडे लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक केबलवाल्याकडून लिहून घ्यावेत, शक्य असल्यास सेटिंगच्या पानांचे फोटो काढावेत आणि राउटरमध्ये बॅकअपची सोय असल्यास ती फाइल मोबाइलमध्ये उतरवून ठेवावी. वीज स्थिर असलेल्या वेळी बटण दहा-पंधरा सेकंद दाबावे, सर्व दिवे एकदम विझून पेटले की सोडावे आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटे राउटरला हात लावू नये. माहिती परत भरून झाली की वायफायला पूर्वीचेच नाव आणि पूर्वीचाच पासवर्ड द्यावा, म्हणजे घरातील टीव्ही, कॅमेरा आणि सर्वांचे मोबाइल पुन्हा एकेक करून जोडत बसावे लागत नाही. राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड मात्र बदलून टाकावा.